हातहत्यारांसाठी सुतारकामाचं बाक: आधी पकड, मग टेबल

रंधा मारताना फळी पुढे सरकली की हात आपोआप सैल पडतो. पाते नीट चालत नाही, पृष्ठावर लाटा उमटतात, आणि दोष जातो रंध्याच्या धारेला. मीही बरेच महिने धारच लावत बसलो होतो. माझं पहिलं टेबल लोखंडी अँगलच्या पायांचं आणि वर प्लायवूडचं होतं. दिसायला भक्कम, पण जोर लावला की फरशीवरून इंचाइंचाने खिडकीकडे जायचं. फळी क्लॅम्पने बांधायची, दोन हात रंधा मारायचा, क्लॅम्प आड आला की सोडायचा, पुन्हा बांधायचा. अर्धा वेळ त्यातच संपे.

मग कोकणात गावी आमच्या घराचं काम चालू असताना सुतारकाकांना नीट पाहिलं. खाली बसलेले, जमिनीत ठोकलेल्या खुंटीला फळीचं टोक टेकवलेलं, मागची बाजू पायाच्या तळव्याने दाबलेली. कुठे स्क्रू नाही, क्लॅम्प नाही, आणि फळी जागची हलत नव्हती. एक कड झाली की पाय उचलायचा, फळी फिरवायची, पुन्हा पाय. फळी पलटायला त्यांना श्वासाइतकाच वेळ लागे. बाक म्हणजे मुळात हेच, फक्त खुंटी आणि पाय कमरेच्या उंचीवर आणायचे. म्हणून या लेखात बाकाची मापं सांगतानाही प्रत्येक माप कुठल्या पकडीसाठी आहे ते सांगणार आहे.

फळीला तीन तऱ्हेच्या बाजू असतात: रुंद तोंड, लांब कड आणि टोक. तोंडावर रंधा मारायचा असतो, कड सरळ करायची असते, टोकावर कुसू (दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारी जीभ) किंवा डव्हटेल (पारव्याच्या शेपटीच्या आकाराचे दाते) कापायचे असतात. जे बाक या तिन्ही बाजू न हलवता धरतं ते बाक, बाकीचं टेबल. पॅरिसचा सुतार आंद्रे जाकोब रूबो याने १७६९ ते १७७५ या काळात सुतारकामावर जो मोठा ग्रंथ छापला, त्यातल्या बाकावर पकडीची मुख्य साधनं फार थोडी दिसतात: एक चौकोनी अडसर, डाव्या टोकाला एक लाकडी आकडा आणि भोकात ठोकून फळी दाबून धरणारे लोखंडी होल्डफास्ट. आपल्या खुंटी आणि पायाशी याचं नातं किती जवळचं आहे ते बघा.

उंची आणि आकार

उंची कुणाच्या पुस्तकातून घेऊ नका. ज्या चपला घालून (किंवा अनवाणी) काम करणार, तसेच सरळ उभे राहा, हात सैल सोडा आणि जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत मोजा. बाक त्या उंचीचं किंवा दोन बोटं खाली. माझी उंची ५ फूट ६ इंच आहे आणि माझं बाक ३१ इंचांचं आहे. स्वयंपाकघरातला ओटा साधारण ३३-३४ इंच असतो. त्याच उंचीचं बाक करायचा मोह होतो, तो टाळा. ओट्यावर चिरायचं असतं, तिथे हाताने काम होतं. रंध्याला पाठ, कंबर आणि पाय लागतात, आणि बाक उंच झालं की सगळा भार खांद्यांवर येतो. बारीक कोरीवकाम किंवा डव्हटेल कापायला मात्र उंची जास्त हवी असते. त्यासाठी बाकावर ठेवायचा वेगळा जबडा, म्हणजे दोन फळ्यांत काम आवळून धरणारी पकड, करता येतो, तो पुढे येईल.

लांबी ५ फूट. सहा मिळाली तर उत्तम, पण फ्लॅटच्या बाल्कनीत पाचच बसतात. रुंदी २० इंच. यातले पुढचे १२ इंच जाड, ३ इंचांचे, आणि मागचे ८ इंच म्हणजे खालच्या पातळीवर बसवलेली हत्यारं ठेवायची खोलगट जागा. सगळं काम पुढच्या बारा इंचांत होतं, ठोकाठोकीही तिथेच. मागेही तीन इंच जाडी देणं म्हणजे लाकूड वाया घालवणं. या खोलगट जागेत ढलप्या साचतात हे खरं आहे, पण पटाशी घरंगळून फरशीवर धार खाली करून पडण्यापेक्षा ढलप्या झाडणं बरं.

पुढचे पाय पृष्ठाच्या (म्हणजे बाकाच्या जाड वरच्या भागाच्या) पुढच्या कडेशी अगदी एका रेषेत असले पाहिजेत. दुकानातल्या टेबलांचे पाय आत असतात, कारण खुर्चीवर बसायचं असतं. इथे लांब फळी कडेवर उभी धरायची आहे. तिला वर पृष्ठाची कड आणि खाली पायाचं तोंड असा दोन ठिकाणी सपाट टेका मिळाला की अर्धी पकड फुकट मिळाली.

लाकूड

आलापल्ली-बल्लारशाचा साग बाकासाठी घेऊ नका. एवढं चांगलं लाकूड दारा-कपाटाला शोभतं, आणि बाकावर तर आपण हातोडीच मारणार आहोत. माझी पहिली पसंती जुन्या घरांच्या पाडकामातल्या वाशांना. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटच्या आसपास, मुंबईत रे रोडकडे, आणि लहान गावांत वखारीच्या मागच्या ढिगात असे वासे मिळतात. चाळीस-पन्नास वर्षं छपराखाली राहिलेलं लाकूड जेवढं हलायचं तेवढं हललेलं असतं. कोकणात ऐन आणि किंजळ मिळेल. दोन्ही जड आहेत, बाकाला जडपणा हवाच असतो, फक्त पटाशीला धार चांगली ठेवावी लागेल. दुसरा पर्याय पॅकिंगच्या लाकडातला पाइन: हलका आणि मऊ, पण रंध्याखाली गोड. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं, पण त्यात किडा लवकर शिरतो. बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर ती फळी परत करा.

यादी अशी:

पृष्ठासाठी ४ × ३ इंच जाडीचे ३ वासे, प्रत्येकी ५ फूट
पायांसाठी त्याच ४ × ३ चे ४ तुकडे, प्रत्येकी २८ इंच
लांब पट्ट्या २ × ५ इंच, २ नग, ४१ इंच
आखूड पट्ट्या २ × ४ इंच, ४ नग, १८ इंच
मागची फळी १ × ७ इंच आणि तिच्या मागे कठडा म्हणून १ × ३ ची पट्टी, दोन्ही ५ फूट

हे सगळं साधारण सव्वातीन घनफूट होतं. वाया जाणारं धरून वखारीत चार घनफूट सांगा. मापं ही रंधा मारून झाल्यावरची आहेत, म्हणून घेताना प्रत्येक बाजूला दोन सूत जादा घ्या. (आठ सुतांचा इंच, सुतारांशी बोलताना हेच माप वापरा, मिलिमीटर सांगितलेत तर ते मनात सुतांतच करून घेतात.)

वासे निवडताना एका डोळ्याने लांबीकडून बघा. थोडा वाकलेला वासा चालेल, पीळ असलेला नको. पीळ ओळखायला दोन सरळ पट्ट्या वाशाच्या दोन टोकांवर आडव्या ठेवा आणि एकीच्या वरून दुसरीकडे पाहा. दोन्हींच्या वरच्या कडा समांतर दिसल्या तर वासा बरोबर. जुन्या लाकडात खिळे असतातच. लोहचुंबक फिरवा, प्रत्येक काळ्या डागाजवळ पटाशीच्या टोकाने खरवडून पाहा. एक लपलेला खिळा रंध्याच्या पात्याला असा दाता पाडतो की ते काढायला तासभर घासावं लागतं.

आणलेलं लाकूड ज्या खोलीत बाक राहणार तिथेच दोन-तीन आठवडे ठेवा, मध्ये पट्ट्या घालून, म्हणजे हवा खेळेल. जोडकाम दिवाळी ते मे या काळात करा. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड जोडलं तर उन्हाळ्यात सांधे उघडतात.

पृष्ठ जोडणे

हत्यारं फार लागत नाहीत: एक चांगली करवत, एक लोखंडी जॅक रंधा, अर्धा इंची आणि एक इंची पटाशी, मोगरी, काटकोन पाहायला गुण्या, कडेला समांतर रेघ मारायला मार्किंग गेज, आणि भोकांसाठी गिरमिट किंवा ड्रिल. आणि हो, अजून बाक नाही, मग हे वासे धरायचे कशावर? जमिनीवर. भिंतीला एक ठोकळा टेकवा, वाशाचं टोक त्याला लावा आणि खाली वाकून रंधा मारा. पाठ दुखेल, पण दोन दिवसांचं काम आहे.

तीन वाशांच्या जोडायच्या कडा (तीन-तीन इंचांच्या) आधी सरळ करा. दोन वासे एकमेकांवर उभे ठेवा आणि मागे दिवा लावा. मधून उजेड कुठे येतो तिथे खूण करा, फक्त शेजारचा उंच भाग रंधा. पुन्हा उजेड पाहा. हे संथ काम आहे, घाई करू नका. फेव्हिकॉलने फटी भरून काढता येतात असं वाटतं, पण फटीत भरलेला गोंद पहिल्या पावसाळ्यात साथ सोडतो. मध्यभागी कागद जाईल इतकी पोकळी मुद्दाम ठेवली तर चालते, कारण आवळल्यावर टोकं दाबून बसतात, आणि लाकूड वाळतं ते आधी टोकांकडूनच.

जोडण्याआधी एक महत्त्वाची गोष्ट. मधल्या वाशाच्या पुढच्या कडेला, डाव्या टोकापासून अडीच ते साडेचार इंचांच्या मध्ये, दोन इंच खोल खाच करवतीने दोन काप मारून आणि पटाशीने उडवून काढून घ्या. वासे जोडले की तिथे आपोआप २ × २ इंचांचं आरपार चौकोनी भोक तयार होतं. अडसर त्यातून वरखाली होणार आहे. जोडल्यानंतर तीन इंच जाडीतून एवढं भोक गुण्यात पाडणं म्हणजे अर्धा दिवस. (डावखुऱ्यांनी ही खाच उजव्या टोकाला काढावी आणि पुढचं सगळं उलट करावं.)

लांब क्लॅम्प नसतील तर पाचरींनी आवळा. एका जाड पट्टीवर १४ इंचांच्या अंतरावर दोन ठोकळे पक्के ठोका. तिन्ही वासे मध्ये ठेवले की दोन इंच जागा उरते, त्यात उलटसुलट तोंडाच्या दोन लांब पाचरी घाला आणि दोन्हीकडून एकेक ठोका द्या. अशा चार पट्ट्या पुरतात. पाचरीचा दाब स्क्रूपेक्षा कमी नसतो. गोंद दोन्ही कडांना पातळ लावा. आवळल्यावर सांध्याच्या संपूर्ण लांबीत मण्यांसारखे थेंब बाहेर आले म्हणजे गोंद सगळीकडे पोचला. ओल्या फडक्याने पुसा आणि २४ तास हात लावू नका.

पाय आणि चौकट

दोन्ही बाजूंच्या चौकटी कायमच्या जोडायच्या, आणि त्यांना जोडणाऱ्या लांब पट्ट्या बोल्टने, म्हणजे घर बदलताना बाक सुटं करून लिफ्टमधून नेता येईल.

पायाचं ४ इंची तोंड पुढे, ३ इंची बाजू आडवी. एका चौकटीत एक पुढचा पाय, एक मागचा, आणि मध्ये दोन आखूड पट्ट्या: एक वर पायाच्या माथ्याशी सपाट, दुसरी जमिनीपासून ११ इंचांवर. पट्टीच्या दोन्ही टोकांना २ इंच लांब, ५ सूत जाड कुसू कापा. वरच्या पट्टीचा कुसू माथ्यापासून एक इंच खाली सुरू करा, नाहीतर खाच पायाच्या टोकाला फाटेल. चौकटीची बाहेरून बाहेर रुंदी बरोबर २० इंच आली पाहिजे.

खाच पाडताना आधी गिरमिटाने २ इंच खोल ओळीने भोकं पाडून घ्या आणि मग पटाशीने भिंती साफ करा. कुसूची जाडी मोजून नव्हे, खाचेत घालून पाहत ठरवा. हाताच्या दाबाने अर्धा जावा आणि मोगरीच्या दोन ठोक्यांत बसावा. नुसता हाताने सरकला तर सैल आहे, तिथे लाकडाची पातळ साल गोंदाने चिकटवा.

आता खुंटीची युक्ती, माझ्या मते संपूर्ण बाकातलं सर्वांत समाधानाचं काम. पायात, खाचेच्या मधोमध आरपार, तीन सूत जाडीचं भोक पाडा. कुसू आत घालून गिरमिटाच्या टोकाने त्यावर भोकाचा मध्य खुणेने उमटवा. कुसू बाहेर काढा आणि त्याचं भोक त्या खुणेवर न पाडता अर्धा सूत खांद्याच्या बाजूला सरकवून पाडा. खांदा म्हणजे कुसूच्या मुळाशी असलेली पट्टीची सपाट कड. आता पुन्हा बसवा, भोकात पाहिलंत तर दोन भोकं किंचित चुकलेली दिसतील. वाळलेल्या बांबूची गोल खुंटी, टोक निमुळतं केलेली, तिरपी न होऊ देता ठोका. ती वाकत वाकत आत जाते आणि कुसूला खेचून घेते. खांदा पायाला असा टेकतो की मधून नखही जात नाही. क्लॅम्पची गरज पडत नाही, आणि गोंद कधी सुटला तरी खुंटी सांधा धरून ठेवते.

लांब पट्ट्या जमिनीपासून ६ इंचांवर. टोकांना फक्त अर्ध्या इंचाचा आखूड कुसू, वळू नये म्हणून. पायातून आरपार आणि पट्टीच्या टोकात साडेतीन इंच जाईल असं भोक पाडा. पट्टीच्या आतल्या तोंडातून, खांद्यापासून तीन इंचांवर, नट आणि वायसर मावेल असा खळगा पटाशीने करा. १० मिलिमीटरचा आटे असलेला गज हार्डवेअरच्या दुकानात मीटरने मिळतो, त्याचे आठ-आठ इंचांचे चार तुकडे लागतात. हे बोल्ट साडेआठ इंचांच्या उंचीवर येतात आणि आखूड पट्टी मुद्दाम ११ इंचांपासून वर ठेवली आहे, म्हणून बोल्ट आणि कुसू पायाच्या आत एकमेकांना आडवे येत नाहीत. मापं बदलणार असाल तर हे आधी कागदावर काढून पाहा.

पृष्ठ चौकटीवर ठेवा, दोन्ही टोकांना सहा-सहा इंच बाहेर. वरच्या आखूड पट्टीतून खालून कोच स्क्रूने (पान्याने फिरवायच्या जाड स्क्रूने) बांधायचं. पट्टी चार इंच उभी आहे, म्हणून आधी खालून दोन इंच खोल रुंद भोक पाडा, म्हणजे चार इंची स्क्रूचा निम्मा भाग पृष्ठात जाईल. पुढच्या कडेजवळचा स्क्रू घट्ट भोकात, मागचा मात्र रुंदीच्या दिशेने लांबट केलेल्या भोकात. बारा इंच रुंदीचं पाइनचं पृष्ठ मे ते ऑगस्टमध्ये एक-दीड सूत फुगतं. ते फुगणं मागे जाऊ दिलं नाही तर एकतर पृष्ठ चिरतं किंवा पुढची कड पायापासून सुटते.

खाली लांब पट्ट्यांवर फळ्या टाका आणि त्यावर वाळूच्या दोन गोण्या ठेवा. पाइनचं हे बाक पन्नास किलोच्याही आत भरतं, ते रंध्याला पुरत नाही. पायांखाली जुन्या टायर-ट्यूबचे तुकडे चिकटवा. लादीवर घसरणं थांबतं, आणि खालच्या मजल्यावर ठोक्यांचा आवाज कमी जातो. ठोकायचं काम नेहमी पायाच्या बरोबर वर करा, अधांतरी भागावर ठोकलेला जोर निम्मा नुसता थरथरण्यात जातो.

पृष्ठ सपाट करायला रंधा आधी आडवा मारा, मग तिरपा, शेवटी लांबीत. वर सनमायका, टाइल्स, चमकदार पॉलिश काही नको, काम घसरतं. उकळलेलं जवसाचं तेल एक हात पुरे. तेलाचं फडकं चुरगळून टाकू नका. ते स्वतःच तापून पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

धरायची साधनं

अडसर: बाभळीचा किंवा कुठल्याही टणक लाकडाचा २ × २ इंची, ९ इंच लांब दांडा. चौकोनी भोकात घट्ट बसेल असा रंधत जा. वरून ठोकला की खाली, खालून ठोकला की वर. पातळ फळीसाठी दोन सूत वर, जाडीसाठी इंचभर. फळीचं टोक त्याला टेकवून रंधा मारा. रंध्याचा जोर पुढेच असतो, त्यामुळे मागे काही बांधायची गरज नसते. सुरुवातीला फळी अडसराभोवती फिरते. त्यात अडसराचा दोष नसतो, हात कडेकडे झुकलेला असतो. हात सरळ चालायला लागला की ती फिरणं थांबते. म्हणूनच शिकणाऱ्याने काही दिवस फक्त अडसरावर काम करावं असं मला वाटतं.

होल्डफास्ट: छत्रीच्या मुठीसारखा वाकवलेला लोखंडी गज. लोहाराकडून करून घ्या: १८ मिलिमीटरचा साधा गोल बार (बांधकामाची पिळाची सळई नको), उभी दांडी १४ इंच, वरची वाकलेली फांदी ७-८ इंच आणि तिचं टोक चपटं. भोक १९-२० मिलिमीटरचं. किंचित ढिला राहणं आवश्यकच आहे, कारण वर हातोडी मारली की दांडी भोकात तिरपी अडकते आणि तीच पकड असते. सोडवायला मागून एक टिचकी. पकडत नसेल तर दांडीला जाड एमरी पेपर गोल फिरवून खरखरीत करा. तीन इंच जाडीचं पृष्ठ यासाठी बरोबर आहे.

भोकं घाईने सगळीकडे पाडू नका. पुढच्या कडेपासून ९ इंचांवर तीन भोकं: डाव्या टोकापासून १६, ३२ आणि ४६ इंचांवर. महिनाभर काम करा, हात कुठे भोक शोधतो ते कळेल, तिथे चौथं पाडा.

खाचेची पट्टी: चार सूत जाडीची, चार इंच रुंद, दीड फूट लांब पट्टी, तिच्या एका टोकाला काटकोनात 'व्ही' आकाराची खाच. फळीचं एक टोक अडसराला, मागचा कोपरा या खाचेत, आणि पट्टी होल्डफास्टने दाबलेली. फळीवर काहीच बांधलेलं नसतं, तरी आडवा, तिरपा कसाही रंधा मारा. सुतारकाकांचा पाय जे काम करत होता तेच ही पट्टी करते. फळी पलटायला दोन सेकंद.

आकडा: पृष्ठाच्या पुढच्या कडेला अगदी डाव्या टोकाशी दोन कोच स्क्रूने लावलेला टणक ठोकळा, दहा इंच लांब. त्याचं उजवं टोक पृष्ठापासून सुटं ठेवून दीड इंची फळी शिरेल अशी निमुळती जागा करा. फळी कडेवर उभी करून त्या जागेत सरकवा. रंध्याचा जोर उजवीकडून डावीकडे, म्हणजे जितका रंधा मारू तितकी ती आत रुतते. मागचं टोक खाली टेकायला उजव्या पुढच्या पायात जमिनीपासून १७ आणि २१ इंचांवर १९ मिलिमीटरची भोकं पाडा आणि त्यांत लाकडी खुंटी घाला: १४ इंची फळी खालच्या खुंटीवर, १० इंची वरच्या. आठ इंचांपेक्षा अरुंद फळी मात्र वर, थेट अडसराला टेकवून कडेवर उभी करा, तिला खाली उतरवायचं कारण नाही.

बेंच हुक: दहा बाय आठ इंचांची फळी, खाली एका कडेला पट्टी, वर विरुद्ध कडेला पट्टी. खालची पट्टी बाकाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला लाकूड टेकवून कापायचं. वरची पट्टी उजवीकडे इंचभर आखूड ठेवा, म्हणजे करवत शेवटी त्या फळीतच जाते, बाकात नाही. हे दोन करा. लांब तुकडा दोन्हींवर सपाट राहतो. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि सर्वांत जास्त वापर याचाच होतो.

टोकं उभी धरायला, म्हणजे कुसू आणि डव्हटेलसाठी, वेगळा जबडा करा. दोन फूट लांब, पाच इंच उंच आणि दीड इंच जाड अशा दोन फळ्या, टोकांपासून चार-चार इंचांवर आरपार भोकं, त्यांत आटे असलेला गज आणि बाहेरून मोठे नट. मागची फळी बाकाला होल्डफास्टने दाबा. काम पाच इंच वर येतं, त्यामुळे कंबर न वाकवता रेघ डोळ्यासमोर दिसते. नट फिरवायला पाना लागतो, त्याची सवय होते.

शेवटी लोखंडी शेगडा, म्हणजे स्क्रू फिरवून दोन जबड्यांत काम आवळणारी पकड. तो हवा का? असला तर छान, पण पहिल्या दिवशी नको. वरची साधनं हाताळल्यावर कुठे अडतं ते कळतं, आणि मग शेगडा कुठे लावायचा तेही. लावलात तर मागचा जबडा पृष्ठाच्या कडेत खोबणी करून बसवा, कडेच्या बाहेर इंचभरही येऊ देऊ नका. नाहीतर लांब फळीचा टेका गेला. दोन्ही जबड्यांना आतून लाकडी फळ्या लावा. काम एका बाजूला धरलं की जबडा तिरपा होतो आणि पकड सुटते, म्हणून दुसऱ्या बाजूला त्याच जाडीचा ठोकळा घाला. मी अर्धा इंच, पाऊण इंच, एक इंच अशा जाडीच्या ठोकळ्यांना भोक पाडून दोरीत ओवून शेगड्यालाच टांगले आहेत.

ज्यांना एवढी जागा नाही

गुडघ्याइतक्या, १८ इंची उंचीचं, अकरा-बारा इंच रुंद आणि चार फूट लांब बाक करा. एकच जाड फळी, चार तिरपे पाय, पुढे अडसर, दोन-तीन भोकं. त्यावर बसायचं, फळी मांडीखाली किंवा गुडघ्याने दाबायची. असं बुटकं बाक जुनंच आहे: जर्मनीत झालबुर्गच्या रोमन किल्ल्यातल्या विहिरींत अशी बाकं सापडली आहेत. आणि आपल्याकडे मांडी घालून काम करणाऱ्या माणसाला ते आजही लगेच आपलंसं वाटेल. लांब फळी चिरायला तर मी माझ्या मोठ्या बाकापेक्षा बुटकंच वापरतो: गुडघा फळीवर, करवत सरळ खाली.

वर्षाचं काम

खंडेनवमीला हत्यारं पुसून मांडतो तेव्हा बाकही रिकामं होतं. तेव्हाच पीळ पाहायच्या पट्ट्या पृष्ठावर ठेवून बघा, पण रंधा लगेच मारू नका. लाकडात पावसाची ओल अजून असते. डिसेंबर उजाडला, हवा कोरडी झाली की सगळे बोल्ट एकदा आवळा, अडसर खाली ठोकून पृष्ठाच्या खाली बसवा आणि मग पृष्ठावरून रंधा आडवा न्या. जिथे पाते लागत नाही तो भाग खोलगट. पातळ साली निघत निघत सगळीकडून सारखी साल यायला लागली की थांबा.